मागच्या रांगांतले हात

सभागृहात मांस जळाल्याचा वास सुटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर उद्योगबाबा तापलेली सळई घेऊन उभा होता. शेजारी बारा यशस्वी दुकानमालक आपापला डागलेला तळहात दाखवत होते.

"धंदा रक्तात असावा लागतो. नसला तर मी तापवून घालतो," बाबा म्हणाला. "बारापैकी बारा तरले. आता बोला."

माझ्या नवऱ्याला चपलांचं दुकान काढायचं होतं. त्याने उजवा हात पुढे केला. चर्र झालं, तो गुडघ्यांवर कोसळला. तरीही उठून माझ्याकडे आला. "पोरीला दे. लहानपणीच डाग दिला तर सात पिढ्या मालक होतात."

"सात पिढ्यांचं मागाहून बघू. आधी हात पाण्यात घाल." आठ महिन्यांच्या मुलीला मी छातीशी दाबलं. सळई किती पावलांवर आहे, तेवढंच मी बघत होते. एका स्वयंसेवकाने माझा दंड पिरगळला.

"दादा, मागे हो." नणंद माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये घुसली. ती कॉलेजात छोट्या धंद्यांवर संशोधन करते. दोन वर्षं बाजारपेठेत दुकानन् दुकान फिरली होती. स्वयंसेवकाने तिला ठोसा मारला. ओठ फाटला. रक्त पुसत ती खुर्चीवर चढली.

"ज्यांच्या तळहातावर डाग आहे, त्यांनी हात वर करा."

मागच्या रांगांतून शंभरेक हात वर आले. काहींवर दोन-दोन डाग.

"दुकान चालू असेल त्यांनीच वर ठेवा."

हात पडत गेले. तिसरा हिस्सा उरला.

"माझं सलून बुडालं," एकजण म्हणाला. "बाबा म्हणाले, डाग घेताना तू हात मागे घेतलास. म्हणून पुन्हा डाग घेतला."

"मलाही तेच सांगितलं," एक गिरणीवाला पुटपुटला.

"बुडालेले मागे बसवायचे, तरलेले वर चढवायचे. एवढीच याची विद्या," नणंद म्हणाली. "बिनडागाची दुकानंही मी मोजलीत. त्यांतलाही तिसराच हिस्सा टिकला."

बाबा सळई उगारून तिच्यावर धावला. सलूनवाल्याने त्याच्या पोटात लाथ घातली. मग सगळेच त्याला तुडवू लागले.

"मारून दुकानं उघडणार आहेत का तुमची?" नणंद ओरडत राहिली. "पोलिसांत द्या." लोकांनी ऐकेपर्यंत बाबाचे दात जमिनीवर सांडले होते.

नवऱ्याने मुलीला घ्यायला हात पुढे केला आणि फोड बघून मागे घेतला.

"डावा आहे ना," मी म्हटलं.

दुकान तो काढणारच आहे. काढू दे, कष्ट करू दे, चुकला तर शिकू दे. पण तुम्हाला कोणी बारा तरलेले दाखवले, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा: एकूण किती जण होते, आणि बाकीचे कुठे बसवलेत?