बिशपांची पडलेली पापणी

बोलतोय तो मी, तांब्याचा पत्रा. बिशपांचं तोंड माझ्यावर कोरलं होतं, तरी त्यांच्यासारखं गोड बोलणं मला जमत नाही.

ऱ्हाईनकाठच्या आमच्या शहरात लेनहार्ट कोरक्यानं मला घासून आरशासारखा केला. बिशप ओटमार यांचं चित्र छापून गावोगाव वाटायचं होतं. लेनहार्ट त्यांना समोर बसवून रेखाटून आला : थकलेला म्हातारा, एक पापणी अर्धी पडलेली. ती पापणी कोरायला त्याला चार दिवस लागले. जन्मभराच्या कामात तेवढीच त्याला मनापासून आवडली होती.

पहिला छाप बघायला बिशपांचा कारभारी आंब्रोस आला.

"हे कोण? तुझे आजोबा?"

"बिशपच आहेत, महाराज."

"बिशप पेंगत नसतात. पापणी उचल. मागं जाडे ग्रंथ घाल. अंगठी मोठी कर."

"ते ग्रंथ वाचतात होय?" लेनहार्टची बायको अपोलोनिया छापयंत्राआडून म्हणाली.

"बाई, ते लोकांनी बघायचे असतात."

तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, अंगठी भोपळ्याएवढी करा, पण त्या डोळ्याला हात लावू नका."

"मग छापखान्याला टाळं. परवान्यावर सही त्याचीच लागते."

त्यानं पापणी खरवडली. खळगा पडला, तो मागून ठोकून वर आणला आणि नवा डोळा कोरला. टक्क उघडा, कशाकडेच न बघणारा. लोकांनी ते चित्र घरोघर डकवलं. येता-जाता छातीवर क्रूस काढू लागले. माझा नुसता संताप झाला! माझ्यातलं जे खरं होतं, त्याचा चुरा अपोलोनियानं केव्हाच केरात लोटला होता.

पुढं शहर फिरलं. बिशप गेले, नव्या पंथाचे उपदेशक आले. चित्रं म्हणजे पाप, असं गरजणारे. महिन्याभरात आपल्या मुख्य उपदेशकाचं चित्र मागायला त्यांचाच माणूस दारात!

"नवा पत्रा कशाला? बिशपांचा मुकुट घासून काळी टोपी कर. अंगठी काढ, दाढी घाल. ग्रंथ असू देत. आशीर्वादाचा हात असू दे."

"आणि डोळा?" अपोलोनियानं विचारलं.

"डोळा? डोळा छान आहे."

आता तेही गेलेत. तिसरे आलेत, त्यांना संपूर्ण नवा चेहरा हवाय. लेनहार्टच्या हातात पुन्हा खरवडणी आहे आणि तोंडाच्या जागी मी कागदाएवढा पातळ उरलोय.

लेनहार्ट, या वेळी मागून ठोकू नकोस. पडू दे भोक. झगा, ग्रंथ, हात, सगळं तसंच ठेवून छाप मला. भीती एकच आहे : त्या भोकापुढंही माना खाली जातील.