एकोणीस सालचं फोल्डर

"शैलजाताई, साडेअकराला सगळं बंद. तुमचा कॉम्प्युटरसुद्धा. हार आणलेत," नानासाहेब दारातूनच म्हणाले.

त्यांच्या एका हातात झेंडूच्या हारांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली तलवार. नानासाहेब फणसे डॉक्टर होते आणि हे स्कॅनिंग सेंटर त्यांचंच. पण त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यामुळे दर खंडेनवमीला ती तलवार घरून यायची आणि सीटी स्कॅनच्या मशीनशेजारी पाटावर विराजमान व्हायची. हळदकुंकू तलवारीलाही आणि मशीनलाही. त्या दिवशी सगळ्या हत्यारांना विश्रांती द्यायची. दुपारी चारपर्यंत बटण दाबायचं नाही म्हणजे नाही.

शैलजाताईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बावीस वर्षं त्या इथे कॉम्प्युटरवर बसत होत्या. पेशंटचं नाव लिहायचं, फोटो साठवायचा, डॉक्टरांनी मागितला की जुना फोटो काढून द्यायचा. एवढंच काम. ते सगळे फोटो टेबलाखालच्या, कॉम्प्युटरला जोडलेल्या काळ्या खोक्यातल्या एका डिस्कवर होते, आणि खंडेनवमीचे तेवढे तास सोडले तर ते खोकं सहा वर्षांत कधी बंद झालेलं नव्हतं. मागच्या दिवाळीत त्यांची मुलगी पूर्वा पुण्याहून आली तेव्हा तिने कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. तो डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन निळा असला की सगळं ठीक, पिवळा झाला की सांभाळा. लाल झाला तर काय, ते पूर्वाने सांगितलं नव्हतं आणि यांनीही विचारलं नव्हतं.

पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी चौकोन पिवळा झाला. शेजारी आकडा होता आठ. डिस्कवरच्या आठ जागा खराब झाल्या होत्या. शैलजाताईंनी तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली पेनाने लिहिला, जसा घरी दुधाचा लिहायच्या तसा. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी चाळीस.

त्या लगेच नानासाहेबांकडे गेल्या होत्या. नवी डिस्क आणा, सगळं तिच्यावर उतरवून घेते, म्हणाल्या.

"पितृपक्षात नवी वस्तू?" नानासाहेब खुर्चीत मागे सरकले. "नाही ताई. एक बार मी हे ऐकलं नव्हतं. पितृपक्षात सोनोग्राफीची मशीन आणली आणि सर्वपित्रीला माझा धाकटा भाऊ गेला. आता दसऱ्यालाच लेंगे."

बोलता बोलता त्यांचा आवाज इतका बारीक झाला की शैलजाताईंना पुढे वाद घालवेना. इतक्या घाबरलेल्या माणसाला पटवणार तरी काय?

म्हणून त्यांनी स्वतःच जेल रोडवर जाऊन डिस्क आणली. चतुर्थीला. पावती साड्यांच्या खाली लपवली आणि गेलेल्या नवऱ्याच्या, अशोकरावांच्या तसबिरीपुढे उभं राहून "रागवू नका" म्हणाल्या. डिस्क आणली खरी, पण भीती त्यांनाही काही कमी नव्हती. त्या पंधरवड्यात पूर्वा फोनवर नुसती शिंकली तरी यांना कापरं भरायचं.

रोज जेवणाच्या सुट्टीत, मशीनवाला मनीष डबा खायला गेला की त्या नवी डिस्क पर्समधून काढायच्या आणि वायर जोडायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी एकोणीस सालचं फोल्डर घेतलं. खोक्यातून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला आणि पडदा गोठला. अकरा मिनिटं काहीच हललं नाही. शैलजाताई पदर मुठीत धरून बसून राहिल्या. अखेर पडदा हलला तेव्हा चाळिसाचा आकडा एकशे बारा झाला होता.

"आई, ते फोल्डर सोड," पूर्वा फोनवर म्हणाली. "खराबी तिथेच आहे. पुन्हा हात लावशील तर पूरी डिस्क बैठ जाएगी. आणि बंद तर बिलकुल करू नको. इतकी जुनी डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच, असं नाही."

"त्यात तुझे बाबा आहेत, पूर्वा."



"मालूम आहे मला," पूर्वा म्हणाली. "पण बाकीचे लोक तर जिवंत आहेत ना, आई."

त्यात अशोकरावांच्या छातीचा एक्स-रे होता, इथेच काढलेला. आजार तेव्हाच कळला आणि पुढच्या पाच महिन्यांत ते गेले. एक्स-रेत खांद्याजवळ एक बारीक पांढरी रेघ दिसायची. ती सेफ्टी पिन होती. बनियनचा पट्टा तुटला म्हणून त्या दिवशी सकाळी शैलजाताईंनीच लावलेली. काढायला विसरल्या म्हणून त्या किती ओशाळल्या होत्या! मनीष खालच्या आवाजात म्हणाला होता, "रहने दो ताई, पिन से कुछ नहीं होता." घरी अशोकरावांचे फोटो पुष्कळ होते, कुणाच्या लग्नातले, कुणाच्या बारशातले. त्या सगळ्यांत ते कुणाकडे तरी बघून हसत होते. हा एकच फोटो असा होता की मनीषने सांगितलं "साँस भरो, रोको" आणि त्यांनी लहान मुलासारखा श्वास रोखून धरला. दुपारी सेंटर रिकामं असलं की शैलजाताई तो उघडून बघायच्या. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी तेवढं फोल्डर सोडून बाकी सगळी माणसं वर्षावर्षाने उतरवून घेतली. कॅलेंडरातला आकडा एकशे बाराच्या पुढे गेला नाही. रोजच्या वापरातलं चालू वर्ष तेवढं शेवटी राहिलं होतं आणि ते आज सकाळपासून चाललं होतं. त्यात बेटमा गावच्या प्रेमलताबाईंचा एप्रिलमधला स्कॅन होता. छातीत एक गाठ. त्यांच्याकडची फिल्म उंदरांनी कुरतडलेली. आज चार वाजता त्या दुसऱ्या स्कॅनला येणार होत्या. गाठ तेवढीच असली तर गोळ्या, वाढली असली तर ऑपरेशन, असं नानासाहेबांनी सांगून ठेवलेलं. एप्रिलचा फोटोच नसेल, तर कशाशी ताडून बघणार?

अकरा वाजून दहा मिनिटांनी चालू वर्ष पूर्ण उतरलं.

वीस मिनिटं उरली होती. आता बुडण्यासारखं दुसऱ्या कुणाचं काही राहिलं नव्हतं. शैलजाताईंनी दोन्ही हात साडीला पुसले आणि एकोणीस सालच्या फोल्डरवर बोट ठेवलं.

टक्‌. टक्‌. टक्‌.

"चला ताई, बंद करा," नानासाहेब तबक घेऊन आत आले. निरांजन पेटलेलं होतं. मागे मनीष हार घेऊन उभा.

"नानासाहेब, पाच मिनिट रुकून जा ना."

"मुहूर्त निघून जाईल, ताई."

"आमचे हे आहेत त्यात," शैलजाताई म्हणाल्या. "बाकी सगळे निघाले. हेच राहिलेत."

नानासाहेबांना आधी काही कळेना. मग त्यांना वायर दिसली आणि वायरच्या टोकाला नवी कोरी डिस्क दिसली.

"ही कधी आणली?"

"चतुर्थीला."

"पितृपक्षात?"

"हो."

निरांजनाची ज्योत हलली, कारण तबकच हलत होतं. नानासाहेबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. आता ते ओरडणार असं मनीषला वाटलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" नानासाहेबांनी विचारलं. "पूर्वा बरी आहे?"

"ठीक आहे."

त्यांनी तबक स्टुलावर ठेवलं आणि पेशंटच्या बाकावर बसले. "रुकतो मी," म्हणाले.

तिघंही त्या खोक्याकडे कान लावून होते. साडेअकरा वाजून गेले. आकडा एकशे बाराचा तीनशे झाला, तीनशेचा नऊशे. चौकोन लाल झाला. शैलजाताई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं नाव नव्हतं ते, "या हो, या," असं चाललं होतं. बारा वाजायला पाच मिनिटं असताना टक्‌टक्‌ थांबली. खोक्यातला नुसता पंखा फिरत राहिला. कोपऱ्यातला चौकोनच नाहीसा झाला.

"गेली?" नानासाहेबांनी हळूच विचारलं.

"गेली," शैलजाताई म्हणाल्या. "हे राहिलेच तिच्यात."

नानासाहेबांनी पूजा केली, पण मंत्र म्हणताना दोनदा अडखळले. तलवारीला हळदकुंकू वाहिलं, मशीनला वाहिलं. काळ्या खोक्यापाशी आल्यावर हार हातात घेऊन ते थबकले आणि त्यांनी शैलजाताईंकडे पाहिलं. शैलजाताईंनी हार आपल्या हातात घेतला, खोक्यावर घातला आणि नीट सारखा केला.

चार वाजता प्रेमलताबाई आल्या. शैलजाताईंनी नवी डिस्क उघडली. फाईलचं नाव दिसतं म्हणजे आत फोटो असतोच, असं थोडंच आहे? चाक फिरत राहिलं. मग एप्रिलचा फोटो वरून खाली हळूहळू उमटला, आणि गाठही. स्कॅन झाल्यावर नानासाहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून तीन-तीनदा मोजलं.

"उतनी ही है," ते म्हणाले. "बढ़ी नहीं."

प्रेमलताबाईंना रडू आवरेना. जाताना त्या शैलजाताईंच्या टेबलापाशी थांबल्या. "दीदी, ये फोटो सँभालके रखना हाँ. मेरे पास तो कुछ बचा नहीं."

"रखूँगी," शैलजाताई म्हणाल्या.

त्या गेल्यावर शैलजाताईंनी कॅलेंडरात आजच्या तारखेखाली शून्य लिहिलं. नव्या डिस्कचा चौकोन निळा होता. भिंतीपलीकडे मनीष पुढच्या पेशंटला सांगत होता, "साँस भरो. रोको."

पेन हातात धरून शैलजाताई ऐकत राहिल्या. आज त्याला फार वेळ लागतोय, असं त्यांना वाटलं. मग तो म्हणाला, "छोड़ो."