सतरा नंबरचा लव्हाळा

लव्हाळे ओळखणं हे काही पोट भरायचं काम नाही, असं तिच्या माहेरी सगळ्यांचं ठाम मत होतं. तरी गेली अकरा वर्षं ती त्याच्यावरच पोट भरत होती. शहराच्या उद्यान खात्यात, तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून तिचं टेबल. ओलीच्या जागी उगवणारं, गवतासारखं दिसणारं पण गवत नसलेलं जे काही असेल ते फिरून फिरून त्या टेबलावर यायचं. गवताची काडी बोटांत फिरवली की गोल लागते, लव्हाळ्याची तीन धारांची लागते, एवढं तिने खात्यातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. त्यापुढचं मात्र तिचं तिलाच ठाऊक. गळ्यात कायम भिंग लटकत असे, म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणत. तिचीही त्याला हरकत नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी साडेसातला भिंगबाई घरी, स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्यावर, सुकलेले नमुने जाड कागदावर चिकटवत बसली होती. सतरा नंबरची कागदाची घडी उघडून तिने रोप उचललं, तर मुळांतून चिमूटभर भुकटी ओट्यावर सांडली. पांढरीशुभ्र. तिने बोटावर घेऊन चोळली. दगडाची भुकटी होती ती, आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली.

कारण सतरा नंबर म्हणजे जुन्या पाणीटाकीमागचा खोलगट भाग. तिथली माती काळी, चिकट, एकदा चपलेला लागली की दोन दिवस न सोडणारी. पांढरी भुकटी असते ती अठरा नंबरच्या जागी, रोपवाटिकेमागच्या नाल्यात, कारण त्याच्या काठावर फरश्या कापण्याचा कारखाना आहे. तिने घाईघाईने अठराची घडी उघडली. मुळांना काळी माती, आणि त्या मातीत एक इवलासा शंख.

म्हणजे घड्यांतल्या, जागेचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. एरवी ही काही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नव्हे. पण सतराच्या घडीतला लव्हाळा होता परका, मुळांना मण्यांसारख्या गाठी धरणारा, एकदा शिरला की नाले तुंबवणारा. अठराच्या घडीतला होता इथलाच, मूळचा, शहरात आता जवळजवळ कुठेच न उरलेला. गेल्या आठवड्यात तिनेच सहीनिशी अहवाल दिला होता की टाकीमागचा खोलगट भाग परक्या लव्हाळ्याने भरला आहे, हातभर खोल खणून सगळी माती उचलावी आणि मुळं जाळावीत. खात्याने तिचा एकही अहवाल इतक्या तत्परतेने कधी अमलात आणला नव्हता. यंत्र आज आठ वाजता लागणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि हुकूम तिच्याच अक्षरात.

तिने साहेबांना फोन लावला. बंद. मुकादमाला लावला, तर तो नुसता वाजत राहिला. नवरा आत घोरत होता. त्याला उठवून काही उपयोग नव्हता, लव्हाळा आणि लसूण यांतला फरक त्याला लग्नाच्या नवव्या वर्षीही पटलेला नव्हता.

राहता राहिल्या सासूबाई. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, टपाल खणांत लावण्यात उभी हयात गेलेली. ओल्या नमुन्यांचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. ते काम त्यांनी सुनेकडून आपणहून मागून घेतलं होतं. रोज संध्याकाळी चष्मा लावून बसत, घड्या उघडत, ओला कागद काढत, कोरडा घालत. भिंगबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: अदलाबदल झाली ती इथेच. मनातल्या मनात ती सासूबाईंना चार शब्द बोलूनही मोकळी झाली. तोंडाने मात्र तिने जमेल तेवढ्या सौम्यपणे विचारलं, कागद बदलताना कधी दोन घड्या एकदम उघडल्या होत्या का.

सासूबाईंनी ओट्यावरच्या भुकटीकडे बघितलं, सुनेच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय झालंय ते विचारून घेतलं. मग आठवत नाही म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा पडला. जुन्या कागदांच्या ढिगातले दोन-चार कागद ओढून त्यांनी दोन्ही घड्या नीट गुंडाळल्या, छातीशी धरल्या आणि स्कूटरवर सुनेच्या मागे जाऊन बसल्या. तुम्ही कशाला, असं म्हणायलाही वेळ नव्हता.

टाकीपर्यंत पंचवीस मिनिटं. वाटेत भिंगबाईला एकच चित्र दिसत होतं: उपसलेला काळा खड्डा आणि शेजारी धुमसणारा ढीग. तो लव्हाळा जळला तर त्याचं बी आणायला दुसरी जागा नव्हती. अकरा वर्षं जे वाचवायचा पगार घेतला, ते आपल्याच सहीने जाळलं, असं तिला आयुष्यभर वाटत राहिलं असतं. प्रत्येक सिग्नलला ती त्या दिव्याला शिव्या घालत होती आणि मागून सासूबाई सांगत होत्या, समोर बघ.

आठ वाजून दहा मिनिटांनी त्या पोचल्या. यंत्र आलेलं होतं. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि दोन माणसं चिखलात फळ्या सारत होती.

झालं होतं असं की यंत्र रस्त्यावरून खोलगट भागात उतरलं आणि पहिल्या दहा पावलांतच एका अंगाला कललं. चालकाने जोर लावला तसं ते आणखी रुतलं. आता अर्धं चाक मातीत होतं आणि खणायचा दात हवेत. मुकादमाला काय करावं सुचत नव्हतं, फोन गाडीतच राहिला होता. ओलीच्या जागेत कोरड्या जमिनीचं यंत्र पाठवायचं हे खात्यातल्या कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, असं तो तिलाच विचारत होता. तिने रुतलेलं चाक बघितलं, त्याच्या पलीकडे वाऱ्यावर हलणारा, एक काडीही न तुटलेला लव्हाळा बघितला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला होता. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि तिने दोन्ही थोडं थोडं करून घेतलं.

मग ती चपला काढून आत शिरली. तीन ठिकाणी रोपं उपटून मुळं पाण्यात विसळली: एकही गाठ नाही. तुऱ्यातलं पिकलं बी तळहातावर घेऊन भिंगाखाली धरलं: तीन कोनांचं, डोक्यावर बारीकशी टोपी. मूळचाच तो, शंका नको. खात्री करून ती बाहेर आली आणि मुकादमाला म्हणाली, काम थांबवा, अहवाल चुकलाय.

मुकादमाने डोळे बारीक केले. चुकलाय म्हणजे कुणाचा, हे त्याला वर कळवावं लागणार होतं. भिंगबाई तोंड उघडणार इतक्यात सासूबाई पुढे झाल्या. मघापासून त्या काठावर वाकून ती काळी माती न्याहाळत होत्या; बोटालाही लागली होती.

"माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या. "घरी कागद मी बदलते. घड्या इकडच्या तिकडे झाल्या. हिचा काही दोष नाही."

मुकादमाला सुटल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसाला कोण काय बोलणार. चालायचंच मावशी, म्हणत त्याने गाडीतून फोन आणला आणि साहेबांना तसंच कळवून टाकलं. आणि भिंगबाई, खरं सांगायचं तर, गप्प बसली. चूक घरीच झाली असं तिलाही वाटत होतं, आणि लव्हाळा वाचल्याच्या आनंदात बाकीचं सगळं तिला क्षुल्लक वाटलं.

सासूबाईंना रिक्षात बसवून ती ऑफिसात गेली आणि पहिलं काम म्हणजे नवा अहवाल लिहायला घेतला. नाल्यातला परका, खोलगट भागातला मूळचा. ओळख दोन्हींची बरोबरच होती, पत्ते तेवढे चुकले होते. चुकीचं कारण या रकान्यात तिने लिहिलं: 'नमुने सुकवताना घरी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.' कुणाचं नाव नाही, काही नाही. वाक्य तिला छान जमलं असं वाटलं.

मग पुरावा म्हणून जोडायला तिने घड्यांवरचे कागद सोडवले. सासूबाईंनी हाताला लागतील ते जुने, वापरलेले कागद गुंडाळले होते. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक आणि सरळ अक्षरात, तारीख होती. नमुने आणले त्याच संध्याकाळची. तारखेखाली दोन ओळी. 'सतरा: पांढरी भुकटी पडली, झाडून घेतली. अठरा: काळा चिखल.'

भिंगबाईने त्या ओळी तीनदा वाचल्या. पहिल्यांदा कागद बदलायच्या वेळीच सतरात पांढरी भुकटी होती, म्हणजे घड्या घरी आल्या त्या चुकलेल्याच आल्या होत्या.

मग तिला तो दिवस आठवला. शेवटच्या दोन जागा उरकल्या तेव्हा हात चिखलाने माखले होते. चिठ्ठ्या नंतर लिहू म्हणून तिने त्या दोन घड्या तशाच दोन फळ्यांमध्ये ठेवून पट्टा आवळला होता. तासाभराने चहाच्या टपरीवर, पट्टा न सोडताच, वरून दोन चिठ्ठ्या सरकवल्या. वरची घडी शेवटची म्हणजे अठरा, खालची सतरा. पण पट्टा आवळताना फळ्या उलट्या फिरवल्या होत्या, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. नवख्यांना ती पहिल्याच दिवशी बजावते की चिठ्ठी जागेवर घाला, हात खराब असले तरी घाला. नमुना बघताना तिने मुळांच्या गाठी बघितल्या आणि गाठींना काय चिकटलंय ते बघितलंच नाही. सकाळी तर सरळ सासूबाईंवर खापर फोडलं.

तिला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. छान जमलेल्या वाक्याचा कागद तिने टराटरा फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: 'चिठ्ठ्या मी जागेवर न घालता नंतर अंदाजाने घातल्या. घरी कोणतीही चूक झालेली नाही.' मग तो घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी वाचलं, मुकादम वेगळं सांगत होता म्हणाले, यंत्र ओढून काढायला दुसरं यंत्र मागवावं लागलं याबद्दल पाच मिनिटं बोलले. एक लेखी ताकीद मिळेल म्हणाले. तिला वाटलं होतं त्याच्या निम्म्यानेही वाईट वाटलं नाही. उलट जिना उतरताना अंग हलकं झालं होतं.

संध्याकाळी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. तिने तो पेन्सिलीच्या ओळींचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, शेजारी अहवालाची प्रत ठेवली आणि सकाळबद्दल माफी मागितली. सासूबाईंनी चष्मा लावून अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"मला तिथेच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ती काळी माती बघितली, आणि पहिल्या दिवशी सतरातून पांढरं पडलेलं आठवलं."

"मग खोटं का बोललात आई?"

"माझी काय बदली करणार होते?" त्या हसल्या. मग चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसल्या. "पोस्टात माझ्या हातून एकदा तारांचा गठ्ठा चुकीच्या खणात गेला होता. एका घरी दुखवट्याची तार दोन दिवस उशिरा पोचली. चौकशी झाली तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, चूक माझी असेल. तिला खरंच तसं वाटत होतं. आणि मी गप्प बसले. तिची बढती गेली. मी सुपरवायझर होऊन निवृत्त झाले."

सासूबाईंनी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं हे भिंगबाईला न विचारता कळलं.

"सकाळी त्या मुकादमासमोर तू गप्प उभी होतीस ना," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हापासून मी दिवसभर घाबरून होते. लव्हाळा वाचला, आता ही माझ्यासारखीच होते की काय म्हणून." त्यांनी अहवालाची प्रत पुन्हा उचलली आणि चिठ्ठ्यांबद्दलचं ते वाक्य आणखी एकदा, ओठ हलवत वाचलं. "बरं वाटलं ग," त्या म्हणाल्या.