पायात काही यायला नको

“बाबा, वेट. ते आईचं मशीन आहे ना?” फोनच्या पडद्यातून उर्वीने विचारलं.

“होतं,” गिरीश दिघे म्हणाले आणि शिवणाच्या मशीनवर लाल गोल चिकटवून मोकळे झाले.

लाल म्हणजे टाकायचं, हिरवा म्हणजे ठेवायचं. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या त्या घरात तीन आठवड्यांत लाल गोलांची चार पाकिटं संपली होती. हिरव्याचं पहिलंच पाकीट अजून जेमतेम उघडलेलं होतं. पंपिंग स्टेशनवर एकतीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाला कशालाही पद्धत लागते. पद्धत असली की फार विचार करावा लागत नाही, आणि दिघ्यांना सध्या विचारच नको होता.

“माझे गणपतीच्या प्रोग्रॅमचे सगळे ड्रेस तिने त्यावर शिवलेत. स्लो डाउन, बाबा. शी वोंट नो द हाउस.”

“न ओळखायला काय झालं? भिंती त्याच आहेत. पायात काही यायला नको, बास. उद्या आणतोय तिला. दिवस नीट गेला की मग कायमचं घरी आणायचं. थेरपिस्टच म्हणाली, फ्लोअर क्लिअर पाहिजे.”

थेरपिस्ट म्हणाली होती ती दोन गालिचे आणि दिव्याच्या एका वायरबद्दल. बाकीची मजल दिघ्यांनी स्वतःच मारली होती.

सुचित्राचं विसरणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं आणि घरच्या घरी निभतही होतं. फेब्रुवारीत ती जिन्यावरून पडली. खुबा मोडला, आणि हॉस्पिटलमधून ती घरी न येता विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांच्या सेंटरमध्ये गेली. “घरातल्या पसाऱ्याने घात केला,” दिघे भेटेल त्याला सांगत. लोकांना ते लगेच पटे, कारण सुचित्राने आयुष्यात दह्याचा एक रिकामा डबा फेकलेला नव्हता. तिच्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यात दही सापडलं तर ते नशीब.

खरं काय ते एकट्या दिघ्यांना ठाऊक होतं. इंडियाला न्यायची मोठी बॅग वजन करण्यासाठी त्यांनीच वर आणली होती आणि जिन्याच्या तोंडाशी सोडली होती. “अहो, ती बॅग तेवढी बाजूला घ्या,” ती म्हणालीही होती. “घेतो गं,” म्हणून ते बातम्या बघत बसले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, उर्वीलाही नाही. त्याऐवजी त्यांना वस्तूंचा राग यायचा, दातओठ खाण्याइतका. एखादा खोका गराजबाहेर ढकलला की तासभर बरं वाटायचं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुपारी आसावरी आली. देवळाच्या स्वयंपाकघराचं सगळं ती बघायची. लग्नातली स्टीलची भांडी दिघ्यांनी देवळाला देऊन टाकायचं ठरवलं होतं.

तिने खोक्यातला एक डबा उचलून पाहिला. प्रत्येक भांड्यावर कोरलेलं होतं तेच त्याच्यावरही होतं: सौ. सुचित्रा गिरीश दिघे. खाली लग्नाची तारीख.

“गिरीशदादा, ही नावाची भांडी आहेत. दोन-चार तरी ठेवा.”

“प्लास्टिकची आणलीत मी. हलकी आहेत, पडली तरी फुटत नाहीत.”

“स्टील कुठे फुटतं?”

दिघ्यांनी खोका उचलून तिच्या गाडीत नेऊन ठेवला.

शनिवारी सकाळी ते सुचित्राला घेऊन आले. वॉकर धरून ती दारातून आत आली आणि थांबली. बैठकीत एक सोफा आणि एक खुर्ची उरली होती. भिंतीवर जिथे फोटो होते तिथे रंग जरा उजळ दिसत होता.

“बघ, किती मोकळं केलंय. आता कुठे अडखळायचं कामच नाही.”

“छान आहे,” ती म्हणाली. “नवीन घेतलंत का?”

दिघे हसले. ती थट्टा करते आहे असं त्यांना क्षणभर मनापासून वाटलं. पण ती सोफ्याच्या कडेवर टेकली, परक्या घरी टेकतात तशी, जाकीटही न काढता. त्यांनी चहा केला. प्लास्टिकच्या कपाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने ती उठून स्वयंपाकघरात गेली. एकेक कपाट उघडून पाहू लागली आणि उघडंच ठेवू लागली. दिघे मागे उभे होते. “काय हवंय?” एवढंच ते विचारत राहिले. शेवटी तिने ओट्याखालचा तांदळाचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि आतलं फुलपात्र बाहेर काढलं. भाताचं माप. त्याच मापाने ते रोज तांदूळ घेत होते आणि एकदाही त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, म्हणून ते लाल गोलातून वाचलं होतं.

तिचा चेहरा उजळला. कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवत तिने एकेक शब्द वाचला.

“सौ. सुचित्रा. गिरीश. दिघे.”

“हो,” दिघे म्हणाले. “हो, सुचित्रा.”

तिने मान वर केली. “हे आमच्या घरचं आहे. तुमच्याकडे कसं आलं?”

दिघ्यांनी तिच्यामागचं उघडं कपाट लावलं.

“आमचं सामान तुम्ही नेलंत का, काका?”

थेरपिस्टचं नाव घेता आलं असतं. गालिच्यांची गोष्ट सांगता आली असती.

“हो,” ते म्हणाले. “मीच नेलं. जिन्यातली बॅगसुद्धा मीच ठेवली होती.”

बॅगेचं तिला काही उमगलं नाही. फुलपात्र छातीशी धरून ती दाराकडे बघत होती. “मला घरी सोडता का? फार उशीर झालाय. आमचे हे वाट बघत असतील. आणि घरात सगळा पसारा पडलाय.”

शेहेचाळीस वर्षांत दिघ्यांनी बायकोला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

“चला,” ते म्हणाले. “सोडतो तुम्हाला. पायरी जपून उतरा.”

गाडीत त्यांनी तिचा पट्टा लावला आणि वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसले. तेवढ्या वेळात तिने फुलपात्र जाकिटाच्या आत घातलं होतं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. वरून दोन्ही हात दाबून, तोंड खिडकीकडे फिरवून ती बसली होती, या माणसाने तेही नेऊ नये म्हणून.