आल्याचा बार
काशीमीऱ्याचा गुणवंत बंदूक बघायला पालीला आला, तेव्हा आयरिन अंगणात बोंबील उलटत होती. तो जुन्या हत्यारांचा परवानावाला दुकानदार, कागदपत्रं सगळी सोबत. तिने हात धुतले आणि कपाटावरची बंदूक काढून त्याच्यापुढे ठेवली. नवरा मायकेल जाऊन तीन महिने झालेले, परवाना त्याच्या नावावर, आणि जमा करा नाहीतर विका, असा पोलिसांचा निरोप दोनदा आलेला. विकायचं ठरवताना तिला काहीच वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मायकेलला मातीत ठेवतानाही वाटलं नव्हतं.

चकमकीच्या घोड्याची, तोंडातून दारू ठासायची बंदूक ती. मायकेलच्या आजाने शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी घेतलेली. डुकरं संपली, शेतंही गेली, पण बंदुकीला दुसरं काम लागलं. धुक्यात होडी चुकली की किनाऱ्यावरच्या खडकावरून नुसत्या दारूचे बार काढायचे, म्हणजे आवाजाच्या रोखाने होडी घरी येते. शेवटचा बार मात्र आधीच ठासून ठेवायचा. होडी वाळूला लागली की तो उडवायचा. त्याला म्हणायचे आल्याचा बार. तो ऐकला की घरात भात चढायचा. आणि एकदा ठासला की माणूस येईपर्यंत तो नळीतून काढायचा नाही, ही बापजाद्यांची सक्त ताकीद.

नऊ वर्षांपूर्वी धुक्यात त्यांचा मुलगा प्रिन्स एकटाच होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. मायकेलने दुपारपर्यंत बार काढले. मग घरी आला, बंदूक कपाटावर ठेवली आणि जाळं विणायला बसला. डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही! प्रिन्सच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेलासुद्धा गेला नाही हा बाप. आयरिन रडून रडून अर्धी झाली, आणि त्या दिवसापासून तिने त्याच्यावर तोंड सोडलं ते तो मरेपर्यंत. तू बाप हायेस का दगड, एका दिवसात पोराला विसरलास, हे तिने किती वेळा ऐकवलं त्याला गणती नाही. त्याने कधी ब्र काढला नाही.

गुणवंतने लोखंडी गज नळीत सोडला, तोंडाशी अंगठा धरला, मग गज बाहेर काढून नळीला लावून मोजला. चार बोटं कमी भरली. त्याने पुन्हा मोजलं आणि बंदूक हळूच भिंतीकडे वळवली.

"काकी, ही भरलेली आहे."

आयरिन म्हणाली, न्हाय, कशी असेल. मग ती खाली बसली. बारा महिने तेरा काळ ज्या कपाटातून ती साड्या काढायची, त्याच्यावर तो बार ठासलेला होता. मायकेल विसरला नव्हता. नऊ वर्षं तो रोज पोराची वाट बघत होता आणि ती रोज त्याला दगड म्हणत होती. आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

गुणवंत समजावत होता. हवेत उडवता येणार नाही, गुन्हा होईल. नळीत पाणी ओतून दारू मारायची आणि वर ठासलेल्या चिंध्या ओढून काढायच्या, पाच मिनिटांचं काम. भरलेली मात्र तो गाडीत ठेवणार नाही.

"म्हणजे काढायचाच," ती म्हणाली.

"काढायलाच लागेल, काकी."

तो पाणी मागायला वळला, तशी ती उठली आणि आतून तांब्या भरून घेऊन आली. गुणवंतने हात पुढे केला. तिने दिला नाही.

"मी घालते."

त्याने अंगणात बंदूक उभी धरली. आयरिनने धार सोडली.

"मायकेल," ती बंदुकीच्या तोंडाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, "पोरगा येत न्हाय रे. तू जेवून घे आता."

घोड्याजवळच्या छिद्रातून काळं पाणी तिच्या पायांवर आलं. तिने पाय मागे घेतले नाहीत.