जयानं निवडलेला जाडा कॅमेरा

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर अंगाच्या साबणाची जाडी वडी समजाल. राखाडी रंग, घासून पांढऱ्या पडलेल्या कडा, एका कोपऱ्याला पोचा. पण मी कॅमेरा आहे, आणि आता म्हातारा झालो आहे. फिल्मचे रोल जाऊ लागले होते आणि मोबाईलमधून धड फोटो निघत नव्हते, त्या मधल्या थोड्या वर्षांत आम्हा खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचं राज्य होतं.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका मुलीनं माझ्या भिंगावरून मऊ कापड फिरवलं, एक फोटो काढून पुसून टाकला आणि मला थर्माकोलमध्ये झोपवलं. पुन्हा उजेड पाहिला तो थेट यवतमाळला, दत्त चौकाजवळच्या बाबुलालजींच्या दुकानात. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक चंदेरी कॅमेरा होता. खोटं कशाला बोलू, देखणा होता. वहीसारखा पातळ, मोठा चकचकीत पडदा, झूमही माझ्यापेक्षा जास्त. गिऱ्हाईक आलं की त्यालाच बाहेर काढत. मला काढत ते त्याच्या शेजारी ठेवून तो किती बारीक आहे हे दाखवायला.

अशात एके दिवशी जया आली.

जया दिग्रसची. तिथल्या एका फोटो स्टुडिओत ती कॉम्प्युटरवर काम करायची. कापसाचे ते वाईट दिवस होते. कापसाला भाव नव्हता, आणि दिग्रसच्या काही जिनिंग गिरण्यांचे भोंगे वाजायचेच बंद झाले होते. पूर्वी स्टुडिओत लग्नाचे, बारशाचे फोटो यायचे. आता माणसं ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो घेऊन यायची आणि म्हणायची, एवढा मोठा करून द्या. कशासाठी ते सांगावं लागत नसे. तो फोटो हार घालून भिंतीवर जायचा. सरकारी कामासाठी काढलेला फोटो तो, त्यातला माणूस नेहमी घाबरलेला असायचा.

एकदा एका म्हातारीनं मुलाचा असा फोटो आणला आणि विचारलं, "बाई, याले थोडंसं हासवता येते काय? घरी लय हासे थो."

जयानं कॉम्प्युटरवर त्याच्या ओठांचे कोपरे जरासे वर ओढले. म्हातारी पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "हा तो नाही."

जयानं फोटो होता तसा केला. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, की आपला स्वतःचा कॅमेरा घ्यायचा आणि माणसं हसत आहेत तोवर त्यांचे फोटो काढायचे.

तर मित्रांनो, ती दुकानात आली तेव्हा तिचे वडील नागोराव बरोबर होते. आयुष्यभर त्यांनी एसटीत कंडक्टरी केलेली. डोळे तपासायला ते यवतमाळला आले होते. जयानं आम्हा दोघांनाही कपाटातून काढायला लावलं आणि एकेका हातात घेऊन तोलून पाहिलं.

"किंमत दोघांची एकच आहे, ताई," बाबुलालजी म्हणाले. "मी तर म्हणतो चंदेरी घ्या. झूम जास्त, स्क्रीन मोठी. हा जाडा आता कोणी विचारत नाही."

"याले चार्ज करा लागते?" जयानं विचारलं.

"चंदेरीला लागते. जाडा पेन्सिल सेलवर चालतो."

 मला जयाचा अंगठा जाणवला. माझ्या सेलच्या झाकणावरून तो एकदा पुढं, एकदा मागं फिरला. तिच्याकडं सकाळी गेलेली विजेची लाइन दुपार सरली तरी येत नसे, हे मला पुढं कळलं.

"दोघातून एकेक फोटो काढून पाहू द्या," ती म्हणाली.

तिनं नागोरावांना दुकानाच्या दारात उभं केलं. मुद्दामच अवघड जागा निवडली होती तिनं. मागं रस्त्यावर रणरणतं ऊन, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि चेहरा सावलीत. आधी चंदेरीची पाळी. चटकन उघडला, चटकन फोटो. रस्त्यावरच्या ऑटोचा नंबरसुद्धा वाचता येत होता त्यात, पण नागोरावांचा चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा. बाबुलालजींनी फ्लॅश लावायला सांगितला. आता चेहरा उजळला, पण पिठात तोंड घातल्यासारखा.

"बघा, कसे गोरे आले बाबा," बाबुलालजी म्हणाले. "गिऱ्हाईक खूश होते असा फोटो पाहून."

मग माझी पाळी. मी उघडायला वेळ लावतो. आतली चाकं कुरकुरतात, भिंग हळूहळू बाहेर येतं. नागोराव वाट पाहून म्हणाले, "काढून राह्यला का टिकीट फाडून राह्यला थो?" जया हसली, तसे तेही हसले, आणि तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

तिन्ही फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावले. माझ्या फोटोत मागचा रस्ता पांढरा फक्क पडला होता. ऑटो नाही, माणसं नाहीत, नुसता उजेड. पण दारात नागोराव उभे होते. काकवीच्या रंगाचा चेहरा, हनुवटीवरचे पांढरे खुंट, आणि डोळ्यांत ती आत्ताची थट्टा.

"मागचं सगळं उडालं, ताई."

"उडू द्या. रस्ता मले रोजच दिसते."

"पण चंदेरीत बाबा गोरे आले होते."

"मले गोरा नाही पायजे, भाऊ," जया म्हणाली. "मले माहा बाप पायजे."

नागोराव खोकले आणि छताकडं बघू लागले. बाबुलालजींनी दोन्ही चेहरे पुन्हा एकदा नीट पाहिले. मग माझा खोका काढला. चंदेरी पुन्हा कपाटात गेला. त्यालाही पुढं चांगलं घर मिळालं असेल. लांबचे डोंगर, पाखरं काढायची असती तर जयानंही त्यालाच घेतलं असतं. तिला चेहरे काढायचे होते, म्हणून मी.

घरी तिचा नवरा इंद्रजित होता. तो जिनिंगमध्ये मशीनवर कामाला होता आणि त्याची मिल बंद पडली होती. मला पाहून तो म्हणाला, "एवढा जाडा काहून आणला?" जयानं त्याला नागोरावांचा फोटो दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. "माह्या बापाचा असा एकबी नाही," एवढंच बोलला, आणि पुन्हा कधी मला नावं ठेवली नाहीत.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. दर रविवारी जया आणि नागोराव एसटीनं एखादं गाव, बंजाऱ्यांचा एखादा तांडा गाठायचे. नागोरावांना कोणत्याही फाट्यावर ओळख निघायची. कोणाला त्यांनी पोत्यासकट गाडीत घेतलेलं, कोणाला सुट्ट्या पैशांवरून रागावलेलं. जया कोणालाही ताठ उभं करत नसे. भाकरी थापणारीला थापू दे, दोर वळणाऱ्याला वळू दे. मला चालू करायची आणि बोलत राहायची. माझं भिंग बाहेर येईपर्यंत माणूस कंटाळून सैल पडायचा, आणि तोच खरा क्षण असायचा. माझ्या आळसाचा तिनं असा उपयोग करून घेतला. सेल संपले तर गावातल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळत. कितीदा गावात लाइन नव्हती, पण माझं काम अडलं नाही.

एका तांड्यावर पंचफुला नावाच्या आजी होत्या. त्यांनी ओढणी तोंडावर घेतली आणि म्हणाल्या, "फोटो माणूस मेल्यावर लावतेत."

"म्हून तं आत्ताच काढून राह्यली, आजी," जया म्हणाली.

आजी ओढणीआड हसायला लागल्या. हसता हसता ओढणी सरकली. तो फोटो मला फार आवडतो. हळूहळू त्या भागातल्या भिंतींवर हार नसलेले फोटो दिसू लागले.

मित्रांनो, आता मी तुम्हाला त्या दिवसाबद्दल सांगतो, ज्यासाठी मला माझ्या जन्माचा अभिमान वाटतो.

दुपारची वेळ होती. जवळच्या तांड्यावरून सुखीबाई जयाकडं आली. तिचा नवरा हरिसिंग इंद्रजितबरोबर त्याच जिनिंगमध्ये होता. सुखीबाई दारातच उभी राहिली.

"बाई, त्यायचा एक फोटो काढून ठेव."

"काढू न, वहिनी. कायचा कार्यक्रम हाय?"

"कार्यक्रम नाही." ती पदराची किनार बोटांनी चुरत राहिली. "नंतर लागन म्हून. घरी एकबी नाही त्यायचा."

जया माझ्यावरची धूळ पुसत होती. तिचा हात थांबला.

"असं काहून म्हणता, वहिनी?"

"जेवत नाही. बोलत नाही. काल पोरीले जवळ घेतलं अन् म्हणे, याडीले त्रास देजो नको." याडी म्हणजे आई. "मले भेव वाटते, बाई."

जयानं इंद्रजितला हाक मारली. तिघंही लगेच निघाले.

हरिसिंग घरापुढं बाजेवर बसला होता. जया त्याच्यासमोर खाली बसली, मला चालू केलं आणि त्याच्याकडं धरलं. तोवर मी कितीतरी चेहरे पाहिले होते. लाजलेले, रागावलेले, कंटाळलेले. असा चेहरा पाहिला नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, पण त्या बघण्यात कोणी नव्हतं. ओळखपत्रावरच्या फोटोत तरी भीती असते. इथं तीही नव्हती. जयाचं बोट बटणावर होतं. मला वाटलं, आता दाबेल.

तिनं मला खाली घेतलं.

"हा फोटो मी नाही काढत," ती म्हणाली, आणि मला हरिसिंगच्या हातात दिलं. "तुम्ही काढा, भाऊ. वहिनीचा."

"मले येत नाही."

"जिनिंगची एवढी मशीन चालवता. याले एकच बटन हाय."

त्याचे हात मोठे होते, खरबरीत होते. पण मशीन हातात आलं की मशीनवाल्याची बोटं आपोआप जागा शोधतात. सुखीबाई समोर उभी राहिली. त्यानं बटण दाबलं. फोटोत खूप सारं अंगण आलं, एका बकरीची पाठ आली, आणि सुखीबाई आली ती मानेपासून खाली.

तो पडद्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "मुंडकं कापलं हिचं."

"मंग दुसरा काढा," सुखीबाई म्हणाली. ती जागची हलली नाही.

त्यानं दुसरा काढला, मग आणखी काढले. एका फोटोत ती पूर्ण आली, पदर नीट करताना. तो पाहिला आणि मला मांडीवर ठेवून तो रडू लागला. कोणी त्याला गप्प केलं नाही. इंद्रजित त्याच्या खांद्याला खांदा लावून बाजेवर बसला. रडणं जरा निवल्यावर जयानं सरळ विचारलं, "भाऊ, जीव द्यायचा इचार येते काय मनात?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून.

कोणी रागावलं नाही, उपदेश केला नाही. इंद्रजित म्हणाला, "चाल, यवतमाळले जाऊ. दवाखान्यात. आत्ताच. मी हावो न संगं." संध्याकाळच्या आत ते एसटीत बसले होते. डॉक्टरांनी त्याला बसवून सगळं ऐकून घेतलं, औषध दिलं आणि पुन्हा बोलावलं. पुढच्या प्रत्येक खेपेला इंद्रजित बरोबर गेला. हरिसिंग काही एका दिवसात बरा झाला नाही. मध्ये पुन्हा वाईट दिवस आले, पुन्हा तो गप्प झाला. पण तांड्यात कोणी ना कोणी त्याच्याजवळ असायचं, आणि औषध सुटू दिलं नाही सुखीबाईनं.

एक दिवस तो स्वतः स्टुडिओत आला. सुखीबाईचा फोटो हवा म्हणाला. जयानं पदर नीट करतानाचा दाखवला.

"हाबी द्या," तो म्हणाला, "पण तो पहिलाबी द्या. बिनमुंडक्याचा."

दोन्ही घेऊन गेला.

पुढच्या हंगामात त्यांची मिल अर्धीमुर्धी सुरू झाली. जयानं त्याचा फोटो तेव्हा काढला, पाळी सुटल्यावर, फाटकात. भुवयांत रुई अडकलेली, पापण्याही पांढऱ्या, आणि इंद्रजित बाजूला उभा राहून काहीतरी चावट बोलला म्हणून फुटलेलं हसू. पुसद रोडवरच्या उन्हात मागचं सगळं नेहमीप्रमाणं पांढरं पडलं. चेहरा मात्र जसाच्या तसा आला.

नंतर जयानं स्वतःचा स्टुडिओ टाकला. मोठा कॅमेरा आला, मग मोबाईल आले. मी फळीवर गेलो. माझी तक्रार नाही, जयाला वेळच मिळत नव्हता. पण माझ्या पोटात सेल तसेच राहिले. ते फुटले, पाझरले, आतल्या पट्ट्यांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड चढली. वर्षानुवर्षं मी डोळा मिटून पडून होतो. यंदा जयाची मुलगी वैष्णवी फळी आवरत होती. तिनं झाकण उघडलं, नाक मुरडलं, पण फेकलं नाही. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून एकेक पट्टी पुसली, वाळू दिली, नवे सेल घातले. मी कुरकुरत उघडलो.

मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूतले सेल काढून ठेवत जा. भिंगाला बोट लावू नका. माझ्यासाठी एवढंच मागतो. पण घरात, शेजारी कोणी बोलेनासं झालं, तर त्याला तसंच ठेवू नका. जवळ जाऊन बसा. मोठ्या माणसाला बोलवा. मनात काय चाललंय ते सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं कोणाचं वाईट होत नाही. ते मी बाजेवरच्या माणसाच्या मांडीवर बसून पाहिलं आहे.

परवा हरिसिंग आणि सुखीबाई स्टुडिओत आले होते, नातवाला घेऊन. हरिसिंगचे केस पिकलेत, पोट सुटलंय. जयानं हौसेनं मलाच हातात घेतलं. मी माझ्या चालीनं उघडू लागलो, आणि तेवढ्या वेळात हरिसिंगनं नातवाचे किती दात आले ते सांगितलं, त्याच्या बापाची नोकरी सांगितली, येताना एसटीत झालेलं भांडण सांगितलं आणि एका बैलाचं काहीतरी काढलं. जयानं एक फोटो काढला. हलला. दुसरा काढला. तोही हलला.

शेवटी तिनं मला खाली घेतलं आणि म्हणाली, "हरिसिंगभाऊ, घडीभर तोंड बंद करा न. फोटो हालून राह्यला."