तेच तेच विचारलं तरी

गणिताच्या सरांचा दरारा असा, की ते फळ्याकडे वळले तरी मुलांची मान वर होत नसे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तेच गणित पुन्हा विचारलं, तेव्हा तर त्यांनी हसून तिचं नावच ‘गोगलगाय’ पाडलं होतं. चाचणीत त्या गोगलगायीला पैकीच्या पैकी गुण पडले आणि सरांचं टाळकंच सरकलं.

“कुणाचं उतरवलंस?” त्यांनी तिला भर वर्गात उभं केलं.

“कुणाचंच नाही, सर.”

“मग ये, सोडव फळ्यावर.”

त्यांनी मुद्दाम आडवळणाचं गणित घातलं. मुलीने पहिली ओळ दोनदा पुसली. पण तिने गणित सोडवलं. शिवाय मधली एक पायरी तशीच का घ्यायची, तेही पुटपुटत सांगितलं. सर त्या पायरीशी कधी थांबतच नसत.

“शिकवणी लावलीस?”

“नाही. मोबाइलवरच्या एआयला विचारते.”

“म्हणजे त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं?”

मुलगी गडबडली. “तसं नाही, सर. पण तेच तेच कितीदाही विचारलं तरी ते हसत नाही.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर दोन शब्द सुनावून सर मोकळे झाले असते. त्यांचे कान तापले. तास संपायच्या आधीच ते वर्गाबाहेर पडले.

“चेहरा का उतरलाय?” शिक्षकखोलीत विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

“डोकं दुखतंय,” ते म्हणाले. या थापेचीही त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या ते मुलीला म्हणाले, “काल तुझ्यावर उगाच आळ घेतला. चुकलं माझं. आणि ते नावही यापुढे कुणी घ्यायचं नाही.” मुलीला कुठे बघावं कळेना. “आता कुणाचं कुठे अडतंय ते विचारा. मी हसणार नाही.”

कुणाचाच हात वर झाला नाही. शेवटी तेच बाकांमधून निघाले. खिडकीजवळच्या एकाने वही हाताने झाकली होती.

“बघू?”

त्याने नाइलाजाने हात काढला. तो अपूर्णांकांच्या बेरजेशी अडला होता. तीन वर्षांपूर्वीचा धडा, आणि तो सरांनीच शिकवलेला. तीन वर्षं हा पोरगा त्यांच्यासमोर नुसती मान डोलावत बसला होता.

सरांना त्याच्याकडे बघवेना. “सरक जरा,” ते कसंबसं म्हणाले आणि त्याच्या शेजारी बसले.